नाव आत्ताच बघा, निवडणूक लागल्यावर काही होत नाही

माननीय संपादक साहेब,

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्हा तालुक्यातली. गावात बचत गटांची सीआरपी म्हणून काम करते, म्हणजे घरोघरी फिरणं, मीटिंगा घेणं, बँकेचे कागद भरून देणं. हे पत्र एकाच गोष्टीसाठी लिहून राहिली, आणि ती तुमच्या पेपरातून खेड्यापाड्यात पोचावी अशी मनापासून इच्छा आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद या निवडणुकांत ज्या यादीवर मतदान होते ती यादी निवडणूक जाहीर व्हायच्या कितीतरी आधीच ठरून गेलेली असते. आमच्या इकडं हे बहुतेकांना माहीतच नाही. बॅनर लागले, गाड्या फिरायला लागल्या, की मग लोक आधार कार्ड घेऊन येतात, ताई नाव टाकून दे. तेव्हा माझ्याच काय, तहसीलदार साहेबांच्याही हातात काही राहत नाही.

हे असं काहून होते ते नीट सांगते, कारण कारण समजलं की माणूस वेळेवर हालचाल करते. आपल्याकडं आयोग दोन आहेत. एक भारत निवडणूक आयोग, तो लोकसभा विधानसभा घेतो. दुसरा आपला राज्य निवडणूक आयोग, ७३ वी घटनादुरुस्ती झाल्यावर १९९४ साली बनला, तो ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुका घेतो. पण हा राज्य आयोग स्वतःची वेगळी यादी करतच नाही. विधानसभेची जी यादी आहे तीच तो एक तारीख ठरवून त्या तारखेला जशी असंन तशी उचलतो आणि मग तिची फोड करतो, ग्रामपंचायतीसाठी वॉर्डावार, पंचायत समितीसाठी गणावार, जिल्हा परिषदेसाठी गटावार. मागच्या खेपेला नगर परिषदा आणि जिल्हा परिषदांसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती, आणि नगर परिषदांचं मतदान झालं डिसेंबरात. म्हणजे ज्याचं नाव १ जुलैनंतर चढलं त्याला डिसेंबरात मत देता आलं नाही, मग त्याच्याजवळ नवंकोरं कार्ड का असंना.

लोकांचा घोटाळा इथंच होते. विधानसभेच्या वेळी निवडणूक जाहीर झाल्यावरही उमेदवारी अर्ज भरायच्या मुदतीच्या थोडं आधीपर्यंत नाव टाकता येते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला आमच्या गावातल्या पोरांनी अशीच ऐन वेळी, निवडणूक जाहीर झाल्यावर, नावं टाकली आणि मतदानही केलं. त्यांना वाटते ग्रामपंचायतीलाही तसंच चालते. नाही चालत. वॉर्डाची प्रारूप म्हणजे कच्ची यादी लागली की हरकती घ्यायला काही दिवस देतात खरे, पण त्या हरकतीत नवीन नाव घेत नाहीत, मेलेल्याचं नाव काढत नाहीत, नावाचं स्पेलिंग सुधारत नाहीत. त्यात फक्त फोड करताना झालेली चूक दुरुस्त होते, म्हणजे तुमचं घर वॉर्ड दोनमध्ये आणि नाव गेलं वॉर्ड तीनमध्ये, नाहीतर विधानसभेच्या यादीत नाव होतं आणि वॉर्डाच्या यादीत उतरवताना सुटलं. एवढंच. बाकी सगळं काम त्याच्या आधी मूळ यादीतच करून घ्यावं लागते, आणि मूळ यादीचं काम बारमाही चालू असते, त्याला निवडणुकीची वाट पाहायची गरजच नाही.

आता मला सगळ्यात जास्त जे खुपते ते लिहिते, आमच्या सुनांची नावं.

मध्ये एका बचत गटाच्या मीटिंगला मी यादीची झेरॉक्स घेऊन गेली होती. कर्जाचे हप्ते जमा झाल्यावर म्हटलं चला सगळ्याजणी आपापलं नाव शोधा. एक पोरगी, लग्न होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, पुढं सरकून म्हणते, "ताई माहं पाहा ना, आमच्या सासऱ्याच्या नावाखालीच असंन." सासऱ्याचं नाव सापडलं, सासूचं सापडलं, नवऱ्याचं सापडलं, बाहेरगावी कंपनीत असलेल्या दिराचंही सापडलं. हिचं नाही. तिनं लगेच पिशवीतून कार्ड काढलं, "माह्याजोळ कार्ड आहे न व!" कार्ड पाहिलं तर महागाव तालुक्यातल्या गावाचं, नावापुढं बापाचं नाव. म्हणजे तिचं मत अजून माहेरात. इथं तिचं राशन आहे, जॉब कार्ड आहे, गटाचं कर्ज आहे, लेकरू अंगणवाडीत आहे, नळाला पाणी आलं नाही तर भांडायला हीच जाते, आणि सरपंच कोण व्हावा हे ठरवायला हिचं नाव नाही. तिच्या बाजूला बसलेल्या दोघींचीही तीच गत निघाली. कार्ड जवळ असणं आणि यादीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी प्रत्येक मीटिंगला सांगते. मतदान कार्डावर होत नाही, यादीवर होते, कार्ड फक्त ओळख पटवायला.

आणि यात नुसतं मत जात नाही. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीत निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. पण ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर २१ वर्षं वय लागते आणि त्याच ग्रामपंचायतीच्या यादीत नाव लागते. सुनेचं नाव माहेरी असलं की ती उभीच राहू शकत नाही. मग जागा निघते महिलेची आणि घरोघरी शोधाशोध होते की कोणाचं नाव यादीत आहे. जी बाई गट चालवते, बँकेत जाऊन साहेबासमोर बोलते, हिशोब जिला तोंडपाठ आहे, ती बाहेर राहते, आणि जिचं नाव आहे पण जिला बिचारीला यात पडायचंच नव्हतं तिला बसवतात. हे मी स्वतःच्या डोळ्यानं पाहिलं आणि मला त्याचं फार वाईट वाटते. जागा राखीव जातीची किंवा ओबीसीची असली तर जात वैधतेचा कागदही लागते, तो काही आठ दिवसात हातात पडत नाही, ज्या बाईच्या मनात उभं राहायचं आहे तिनं आतापासूनच ती फाईल टाकून ठेवावी.

सुनेचं नाव आणायला फॉर्म ८ भरावा लागते. फॉर्म ६ नाही. हे मी ठासून सांगते कारण आमच्याकडच्या एका ऑनलाईनच्या दुकानात सगळ्यांना सरसकट फॉर्म ६ भरून देत होते. फॉर्म ६ हा ज्याचं नाव कुठंच नाही त्याच्यासाठी, म्हणजे पहिल्यांदा नाव टाकणाऱ्यासाठी. जिचं नाव माहेरी आहे तिचा फॉर्म ६ भरला की नाव दोन ठिकाणी होते, किंवा अर्ज तसाच पडून राहते नाहीतर रिजेक्ट होते आणि तिला कोणी सांगतही नाही. वरून कायदा असा की १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एका माणसाचं नाव दोन मतदारसंघात किंवा एकाच मतदारसंघात दोनदा ठेवता येत नाही, आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. फॉर्म ८ मध्ये पत्ता बदल, नावातली-वयातली-नात्यातली दुरुस्ती, हरवलेल्या कार्डाबदली दुसरं कार्ड, आणि दिव्यांग असल्याची नोंद, अशी चारही कामं होतात. पत्ता बदल टाकला, जुना कार्ड नंबर दिला, की इकडं नाव चढते आणि तिकडचं आपोआप निघते. त्या दिवशी त्या पोरीच्या सासूनं मला हेच विचारलं, "मंग तिकडचं कटन का?" कटते. काही वेगळं करावं लागत नाही, माहेरी कोणाला धावपळ करायला लावू नका.

कागदाचं लोकांना उगाच भेव वाटते. पत्त्यासाठी आधार चालते, बँकेचं नाहीतर पोस्टाचं चालू पासबुक चालते, वर्षभराचं लाईट बिल, पाणी बिल, गॅसचं बिल चालते, शेतीचा महसूल खात्याचा कागद चालते. यातलं काहीच नसलं तर दुसरा जो कागद असंन तो द्यायचा, बीएलओ, म्हणजे गावच्या मतदार यादीचं काम पाहणारे, घरी येऊन खात्री करतात. वयासाठी जन्माचा दाखला, आधार, पॅन, दहावी बारावीचं सर्टिफिकेट, लायसन यातलं काही एक. लग्नानंतर आधारवर अजून बापाचंच नाव आहे म्हणून कित्येकजणी थांबून राहिल्यात, पण त्यासाठी थांबायची गरज नाही. आधारवर आधी पत्ता तरी सासरचा करून घ्या, आणि घरातल्या ज्याचं नाव यादीत आहे त्याच्या कार्डाचा नंबर अर्जात टाका म्हणजे पूर्ण घर एका जागी येते. अर्ज ऑनलाईन वोटर सर्व्हिस पोर्टलवर मोबाईल आणि ओटीपीवर भरता येते, नाहीतर कागदावर भरून आपल्या गावच्या बीएलओकडं द्यायचा. बीएलओ म्हणजे आपल्याच शाळेतले मास्तर नाहीतर अंगणवाडीच्या सेविका असतात, कोणी परके नसतात. अर्ज दिला की पावती किंवा रेफरन्स नंबर घ्याच, आणि तो वहीवर लिहून ठेवा, मोबाईलमध्ये स्क्रीनशॉट ठेवला की मोबाईल बदलला की गेला. काही अडलं तर १९५० नंबरवर फोन लावा, मराठीत बोलतात.

पोरांचं सांगते. आधी १ जानेवारीला १८ वर्षं पूर्ण पाहिजे असा नियम होता, एक दोन महिन्यानं चुकलं की वर्षभर बसा. आता २०२२ पासून वर्षात चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, आणि १७ पूर्ण झालं की आधीच अर्ज टाकून ठेवता येते, वय भरलं की नाव चढते. बारावीच्या वर्गात हे एकदा जरी सांगितलं तरी किती काम होईन. आमच्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेचं मतदान २०१७ च्या फेब्रुवारीत झालं, मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या कोर्टातल्या भांडणात प्रशासक बसला. त्या २०१७ मध्ये जे दहावीत होते ते आता लग्नाचे झाले, काहींना लेकरं झाली, आणि जिल्हा परिषदेसाठी मत कसं देतात ते त्यांना ठाऊकच नाही. त्यांना सांगते की तिथं दोन मतं असतात, एक गटासाठी म्हणजे जिल्हा परिषदेच्या सदस्यासाठी आणि एक गणासाठी म्हणजे पंचायत समितीच्या सदस्यासाठी, एका गटात दोन गण असतात.

ग्रामपंचायतीचंही बदललं आहे आणि त्याच्यावर गावात कोणी बोलून नाही राहिलं. आमच्यासारख्या १४ हजारावर ग्रामपंचायतींचं मतदान १५ जानेवारी २०२१ ला एकाच दिवशी झालं होतं. तेव्हा सरपंच थेट निवडायचा नियम नव्हता, तो २०१७ मध्ये आणला, २०२० मध्ये काढला, म्हणून आम्ही फक्त मेंबर निवडले आणि मेंबरांनी सरपंच केला, त्यात काय काय झालं ते सगळ्या गावांना माहीत आहे. २०२२ मध्ये कायदा परत बदलला आणि आता सरपंचाचं मत थेट जनतेकडं आलं. म्हणजे वॉर्डात तीन मेंबरच्या जागा असतील तर तीन मतं मेंबरची आणि एक सरपंचाचं, एका माणसाला चार बटणं दाबायची आहेत. म्हातारी माणसं एक बटण दाबून बाहेर निघतात आणि मशीन तशीच अडून राहते. सगळी मतं पूर्ण झाल्यावरच शेवटची मोठी शिट्टी वाजते हे घरातल्या आजीला, आजोबाला आधी समजावून सांगा. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसंन तर त्या जागेचं नोटाचं बटण आहे. ग्रामपंचायतीत पक्षाचं चिन्ह नसते, मिळालेलं चिन्ह कोणाचं आहे ते आधी पाहून ठेवावं लागते, तिथं उभं राहून आठवत बसलं की गडबड होते. कार्ड सापडत नसंन तर आधार, पॅन, लायसन, फोटो असलेलं पासबुक असे दुसरे पुरावे असतात, आयोग दर वेळी ती यादी जाहीर करतो. पण घरी जी मतदार चिठ्ठी वाटतात ती ओळखीचा पुरावा नाही, ती फक्त नंबर आणि केंद्र कळायला. नुसती चिठ्ठी घेऊन गेलेली माणसं उन्हात परत घरी येतात आणि मग पुन्हा जात नाहीत.

बाहेरगावी गेलेल्यांचं वेगळं दुखणं आहे. दिग्रस, पुसदकडच्या तांड्यांवरचे लोक दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात, घरं कुलूपबंद, आणि पडताळणीला कोणी आलं तर शेजारचा सांगते ते इथं राहत नाहीत. तेवढ्यावरून नाव कटायची पाळी येते. कायद्यात स्पष्ट आहे की काही दिवस बाहेर गेल्यानं माणसाचं तिथलं राहणं संपत नाही, तो त्याच गावचा रहिवासी राहतो. तसंच उलटही आहे, गावात नुसतं घर आहे, शेत आहे, पण राहणं कायमचं पुण्यात झालं, तर नुसत्या घराच्या जोरावर गावात नाव ठेवता येत नाही. शिकायला गेलेल्या पोरापोरींना घरचा पत्ता ठेवायचा की होस्टेलचा ते ठरवता येते, पण एकच. तांड्यावरच्या लोकांनी जायच्या आधी बीएलओला एवढं सांगून जावं की आम्ही मजुरीला चाललो, मार्चमध्ये परत येऊ, आणि शेजाऱ्यालाही सांगून ठेवावं की कोणी विचारलं तर काय सांगायचं. नाव कटल्याची नोटीस बंद घराच्या दाराला लावून काय उपयोग, म्हणून महिन्यातून एकदा मोबाईलवर आपलं नाव शोधून पाहायची सवय मुकादमानं नाहीतर शिकलेल्या पोरानं सगळ्या टोळीसाठी लावावी.

मयत माणसांची नावं घरच्यांनीच फॉर्म ७ भरून काढून घ्यावी, मृत्यूचा दाखला जोडावा. बाप गेल्यावर त्याचं नाव यादीत कापायला जीव धजत नाही हे मी समजते, पण ते नाव तसंच राहिलं तर त्याच्यावर दुसरं कोणी मत टाकंन याची भीती राहते.

आता माझी मागणी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा चार ग्रामसभा आपल्याकडं होतात. आणि नाव चढायच्या त्या चार तारखा पाहा, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. प्रत्येक तारखेच्या मागं एक ग्रामसभा येतेच. मग प्रत्येक ग्रामसभेत गावाची मतदार यादी मोठ्यानं वाचून दाखवायला काय हरकत आहे? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायचं कायद्यातच आहे, त्या सभेत वॉर्डावार बायांची नावं वाचा, ज्या सुनेचं नाव आलं नाही तिथंच तिचा फॉर्म ८ भरून घ्या, बीएलओला त्या दिवशी ग्रामपंचायतीत बसवा. बचत गटांच्या सीआरपी आम्ही गावोगाव आहोत, आम्हाला यादीची एक प्रत द्या, आम्ही घर अन् घर फिरून देतो, त्याचे वेगळे पैसे मागणार नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बीएलओचं नाव आणि नंबर रंगवून लिहा, वॉर्डानुसार. घरपट्टीची थकबाकी लिहायला जागा मिळते तर याला पण मिळंन.

निवडून आलेली बॉडी नसली की वित्त आयोगाचा पैसा अडतो, नाली अडते, पांदण रस्ता अडतो, आणि पावसाळ्यात शेतात बैलबंडी जात नाही हे कास्तकाराला सांगायची गरज नाही.

संपादक साहेब, तुम्हाला एकच विनंती. राज्य निवडणूक आयोग ज्या दिवशी यादीची तारीख जाहीर करंन त्या दिवशी ती पहिल्या पानावर छापा, आतल्या पानावर दोन ओळीत नको. आणि प्रारूप यादी लागली की हरकतीचे दिवस कोणत्या तालुक्यात कुठून कुठपर्यंत ते रोज छापा, त्या काही दिवसांत कापूस वेचणी किंवा तुरीची सवंगणी चालू असली तर बाया रानातच असतात, त्यांना संध्याकाळी पेपर वाचून कोणी तरी सांगंन.

आपली वाचक,
एक बचत गट सीआरपी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ